भिलठाण्याचे तिरंदाज

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरची माणसे जातात ती ठरावीक तीन कारणांनी. भाविक असतील तर शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला, इतिहासाचे वेड असेल तर सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला, आणि विज्ञानाचे असेल तर लोणारला. खुद्द बुलढाणा गावात, तिथे सोयरीक, बदली किंवा कोर्टाची तारीख असल्याखेरीज, कोणी जात नाही. त्यामुळे "दोन दिवस बुलढाण्याला जाऊन येतो" असे मी घरात जाहीर केले तेव्हा आमच्या मंडळींनी डाळीतले खडे निवडता निवडता वरसुद्धा न पाहता विचारले, "कोणाचे लग्न आहे?"

लग्न कोणाचेच नव्हते. मला एक मैदान पाहायचे होते. २०२३ च्या मे महिन्यात चीनमधल्या शांघायला तिरंदाजीची जागतिक चषक स्पर्धा झाली आणि तिच्यात कंपाऊंड धनुष्याच्या पुरुष गटात प्रथमेश जावकर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने सुवर्णपदक घेतले. बातमीच्या शेवटी "हा खेळाडू बुलढाण्याचा" असे होते. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. क्रिकेटचा खेळाडू मुंबईचा निघाला, कुस्तीचा कोल्हापूरचा निघाला, तर आपल्याला काही वाटत नाही. पण ज्या गावाला अजून रेल्वे नाही, त्या गावातून जगाच्या पहिल्या नंबराला हरवणारा पोरगा निघतो म्हणजे काय? हे काही घरबसल्या कळण्यासारखे नव्हते.

रेल्वे नाही म्हणजे मलकापूरला उतरायचे. मुंबईहून रात्रीच्या नागपूरच्या गाडीत बसले की पहाटे पहाटे भुसावळ मागे पडते आणि थोड्या वेळात मलकापूर येते. तिथून मोताळ्यावरून एस.टी. मलकापूरची हवा सकाळी सहालाही अंगाला चिकटते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, मध्येच सोयाबीन, आणि दक्षिणेला आडवी पसरलेली अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ. ती रेघ जवळ येते, राजूरचा घाट लागतो, बस घुरघुरत वळणे घेते, आणि शेवटच्या वळणावर खिडकीतून अशी काही गार झुळूक आत येते की शेजारच्या म्हाताऱ्याने उपरणे कानाभोवती गुंडाळून घेतले. "आता घाटावर आलो बापा," तो म्हणाला. या जिल्ह्यात माणसाला गाव विचारण्याआधी तो घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतात. हवा वेगळी, पिके वेगळी, बोलीची चालही थोडी वेगळी. सोयरीक जुळवताना वरचे लोक खालच्या उन्हाला नाके मुरडतात आणि खालचे वरच्या जमिनीला. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटले.

इंग्रजांनी आपली कचेरी इथे थाटली ती अर्थातच या गारव्यासाठी. साहेबाला उन्हाळा सोसत नसे. तो डोंगर पाहून जिल्ह्याचे ठिकाण ठरवी. गावाचे नाव मात्र साहेबाच्या आधीचे. भिल्लांचे ठाणे ते भिलठाणा, आणि भिलठाण्याचा बुलढाणा, अशी व्युत्पत्ती इथे सांगतात. (कोणी 'बुलडाणा' लिहितात, कोणी 'बुलढाणा', या एका अक्षरावर दोन शहाण्या माणसांना मी पाऊण तास भांडताना ऐकले आहे.) व्युत्पत्ती खरी असेल तर मग गंमतच आहे. धनुष्यबाणावर जगणाऱ्यांचे ठाणे म्हणून ज्या गावाचे बारसे झाले, त्या गावाने इतक्या काळाने जगाला तिरंदाज द्यावा, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला "जुळवून आणले आहे" म्हणून नावे ठेवली असती.

माझा एक जुना मित्र निवृत्त होऊन इथेच स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे चहा घेऊन, सकाळचे ऊन तापायच्या आत, आम्ही मैदानावर गेलो. मैदान म्हणजे फार काही नाही. एका टोकाला रांगेने उभी केलेली लाकडी घोड्यांवरची लक्ष्ये, दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मुले-मुली, आणि मध्ये ५० मीटर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतून एक कुत्रे निवांतपणे चालले होते. ते पलीकडे जाईपर्यंत सगळे धनुर्धर धनुष्ये खाली करून थांबले. शांघायला ही अडचण नसावी.

धनुष्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रामाचे धनुष्य येते. एक वाकवलेली काठी आणि एक दोरी. कंपाऊंड धनुष्य पाहिले तर ते धनुष्य आहे असे सांगावे लागते. दोन्ही टोकांना कप्प्या, त्यांवरून फिरणाऱ्या दोन-तीन दोऱ्या, पुढे आडवे-उभे दांडे, त्यावर एक भिंग, भिंगापाशी गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा एक बुडबुडा. विहिरीचा रहाट आणि दुर्बीण यांचा संसार थाटला तर जे अपत्य होईल, ते हे. पण ही यंत्रणा उगाच नाही. दोरी ओढायला लागतो तो जोर ६० पौंडांपर्यंत असू शकतो, म्हणजे २७ किलोच्या आसपास. मात्र दोरी पूर्ण मागे आली की कप्प्या कलतात आणि धरून ठेवायला त्यातला लहानसा हिस्साच उरतो. म्हणून नेम धरायला उसंत मिळते. दोरीत ओवलेल्या बारीक भोकातून पाहायचे, ते भोक, भिंग आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे, बुडबुडा मधोमध ठेवायचा, आणि मग हातातल्या चापाने दोरी सोडायची. हा चाप पुष्कळदा अंगठ्याने चालतो. ते पाहून मला एकलव्याची आठवण झाली. द्रोणाचार्यांनी नेमके मागायचे तेच मागितले होते म्हणायचे!

"मग एवढे सगळे यंत्रच करते, तर माणूस काय करतो?" मी प्रशिक्षकांना विचारले. हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारत असावा, कारण ते हसले. म्हणाले, "साहेब, यंत्र थरथरत नाही. माणूस थरथरतो." मग त्यांनी एका मुलीला उभे केले आणि मला समजावून सांगू लागले. पाय कसे रोवलेले, खांदा कसा खाली, हनुवटीला हात रोज त्याच जागी कसा टेकतो. जोर दंडात घ्यायचा नाही, पाठीत घ्यायचा. दोन्ही पाठफळे एकमेकांकडे सरकतात आणि त्या सरकण्यात चाप आपोआप दाबला जातो. बाण नेमका कधी सुटला हे सोडणाऱ्यालाच कळता कामा नये. "आता सोडतो" असे मनात आले की हात दगा देतो. याला ते 'फॉर्म' म्हणतात. क्रिकेटात फॉर्म म्हणजे धावा होणे. इथे फॉर्म म्हणजे उभे राहण्याची रीत. रीत सुधारली की गुण आपोआप सुधारतात, आणि रीत सुधारायला वर्षे लागतात. त्या मुलीने बाण सोडला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. बाण नऊच्या वर्तुळात होता. ती स्वतःशीच पुटपुटली, "खांदा."

या खेळात नऊ म्हणजे चूक, हे आधी समजून घ्यायला हवे. लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचे पिवळे वर्तुळ असते, अवघे ८ सेंटिमीटर रुंद. म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. ते ५० मीटरवरून, वारा असो नसो, पुन्हा पुन्हा भेदायचे. सामन्यात प्रत्येकी पंधरा बाण, एकूण गुण १५०. बाणामागे वीस सेकंद. शांघायच्या अंतिम फेरीत प्रथमेशसमोर होता हॉलंडचा माइक श्लोसर, त्यावेळचा जगातला पहिला. या गृहस्थांनी २०१५ साली बंदिस्त सभागृहातल्या एका स्पर्धेत ६०० पैकी ६०० गुण मिळवले होते. तिरंदाजीच्या जगात त्यांना 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात. आणि आपल्या बुलढाण्याच्या पोराची ती दुसरीच जागतिक चषक स्पर्धा! पहिली महिनाभर आधी तुर्कस्तानात अंताल्याला झाली होती. निकाल लागला तो १४९ विरुद्ध १४८. म्हणजे पंधरा बाणांत प्रथमेशचा एकच बाण दहाच्या बाहेर गेला. परफेक्ट साहेबांचा आणखी एक गुण गेला, आणि त्यावर सुवर्णपदक इकडचे तिकडे झाले.

एका सामन्याला नशीब म्हणता येते. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या हर्मोसिलोला जागतिक चषकाची अंतिम स्पर्धा झाली. तिच्यात वर्षभरातले निवडक तिरंदाजच असतात. तिथे उपान्त्य फेरीत पुन्हा श्लोसर समोर आले आणि प्रथमेशने पुन्हा त्यांना हरवले, या वेळी १५० विरुद्ध १४९ असे. पंधराच्या पंधरा बाण त्या कपाच्या तोंडात! अंतिम फेरीत डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली. मग एकेक बाण. दोघांचेही दहा. तेव्हा मोजपट्टी लावतात: मध्यबिंदूला कोणाचा बाण अधिक जवळ? फुलर्टनचा निघाला. प्रथमेशला रौप्य. ही हकीकत मित्राने सांगितली तेव्हा मैदानावरच्या दोन लहान मुलांनी आपापल्या परीने बोटांत अंतर धरून दाखवले. दोघांच्या बोटांतले अंतर वेगवेगळे होते, पण हळहळ सारखीच.

पुढच्याच महिन्यात, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझोच्या आशियाई खेळांत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. तिरंदाजीत कोरियाला हरवणे म्हणजे काय, हे हॉकीत पूर्वी आपल्याला हरवणे म्हणजे काय होते ते आठवले की कळेल. यातला ओजस नागपूरचा. त्याच ऑगस्टात बर्लिनला तो १५० पैकी १५० घेऊन जगज्जेता झाला होता आणि त्याच मैदानावर साताऱ्याची अदिती स्वामी स्त्रियांत जगज्जेती. एका वर्षात नागपूर, सातारा, बुलढाणा! मुंबई-पुण्याच्या वाचकांनी नकाशा काढून पाहायला हरकत नाही.

इथवर सगळे गोड आहे. पण मैदानावर दुसऱ्या दिवशी बसलो असताना मला या गोडव्याची दुसरी बाजू कळली. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच शांघायला आपल्या पुरुष संघाने पुन्हा सांघिक सुवर्ण जिंकले, हॉलंडला २३८-२३१ असे हरवून. संघात एक प्रथमेश होता. पण तो प्रथमेश फुगे. बुलढाण्याचा नव्हे. उरलेले दोघे अभिषेक वर्मा आणि प्रियांश. बातमी ओझरती ऐकणाऱ्या कित्येकांना वाटले असेल की तोच तो. आपल्या देशात कंपाऊंड तिरंदाजांची आता इतकी दाटी झाली आहे की जगात चांगले ठरणे आणि देशाच्या संघात बसणे या दोन वेगळ्या परीक्षा झाल्या आहेत, आणि दुसरी कधीकधी अधिक अवघड.

मुलांचे पालक मैदानाच्या कडेला स्कूटर लावून उभे होते. एक शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक आई डबा घेऊन. दर्जेदार धनुष्य आणि त्याचा लवाजमा घ्यायचा तर रक्कम दोन-तीन लाखांच्या घरात जाते. त्या दुकानदाराने मला हिशेब सांगितला नाही, फक्त म्हणाला, "बाण हरवला का मी गवतात पोरासंगं शोधतो. एकेकाची किंमत हाये ना, भाऊ." आणि खरेच, सराव संपल्यावर बापलेक लक्ष्याच्या मागे वाकून गवत चाळत होते. दहावीच्या वर्षाला खेळ सोडवावा की नाही, हा प्रश्न त्या डबा घेऊन आलेल्या बाईंनी मलाच विचारला. मी शहरातला, चष्मेवाला, म्हणून मला ठाऊक असेल असे त्यांना वाटले असावे. मी लोणारचे सरोवर कुठल्या रस्त्याने जावे ते त्यांना विचारून विषय बदलला.

लोणार पाहिलेही. नव्वदेक किलोमीटर जावे लागते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो गोल खड्डा काठावरून पाहताना, दोन दिवस लक्ष्येच पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना तो मोठे लक्ष्यच वाटला. आकाशातून कोणीतरी मारले आणि काळ्या पाषाणात बरोबर मधोमध मारले. दैत्यसूदनाच्या देवळातली शिल्पे अप्रतिम आहेत, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझा एक सिद्धान्त होता. घाटावर वारा सतत वाहतो, म्हणून इथल्या मुलांना वाऱ्यात नेम धरायची सवय होते, आणि म्हणून बुलढाणा. निघण्याआधी तो मी प्रशिक्षकांना मोठ्या उत्साहाने ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "वारा तर चिखलीलापण आहे, साहेब. तिथे सकाळी सहाला मैदान उघडणारा माणूस पाहिजे."

शेवटी ऑलिंपिकचा विषय निघालाच. कंपाऊंड धनुष्याला ऑलिंपिकमध्ये आजवर जागा नव्हती. २०२८ साली लॉस एंजेलिसला ते पहिल्यांदा येणार आहे, पण फक्त मिश्र दुहेरीत. एका देशाचा एक मुलगा, एक मुलगी. अख्ख्या हिंदुस्थानातून एकच मुलगा! ओजस, अभिषेक, प्रियांश, दोन्ही प्रथमेश आणि मागून येणारे कितीतरी, आणि खुर्ची एक. मी हे बोलत होतो तेव्हा ती आदल्या दिवशीची 'खांदा'वाली मुलगी बाण पुसत शेजारी उभी होती.

"मुलींचीपण एकच आहे, काका," ती म्हणाली, आणि बाण भात्यात टाकून रेषेवर गेली.