पाणवठ्यावरची गर्दी

वैशाखात ताडोब्याचे नाले आटले म्हणजे रानातील जनावरे वाढत नाहीत, पण त्यांच्या गाठीभेटी मात्र वाढतात. कारण पाणी उरते ते चारदोन बोड्यांतच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून प्राणिगणना होते ती याच आधारावर. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या 27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात जो नवा उद्योग आरंभिला आहे, त्यास आम्हां चंद्रपूरकरांस याहून सोयीचा दृष्टान्त सुचत नाही.

तेथे प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर येऊन एकमेकांतून आरपार जातात. एकेका पुंजक्यात शंभर अब्जांहून अधिक प्रोटॉन. तरी एका भेटीत टकरा होतात त्या साठांच्या आसपास! हा आकडा वाढवावयाचा तर पुंजके दाट करावयाचे आणि भेटीच्या जागी प्रवाह आवळावयाचा. त्यासाठी नायोबियम व कथील यांच्या संयुगाचे नवे अतिवाहक चुंबक घडविले आहेत. 2030 च्या सुमारास यंत्र पुन्हा सुरू होईल तेव्हा टकरांचा वेग मूळ संकल्पाच्या पाच ते साडेसात पट व्हावा, अशी योजना आहे. या यंत्रात आपलाही हात आहेच. मूळ चुंबक जागच्या जागी नेमके बसविणारे सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने गेले. सीएमएस या शोधयंत्राच्या बाहेरच्या कॅलरीमीटरात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे श्रम आहेत.

परंतु बोडी लहान झाली की चिखलात पावलांवर पावले उमटतात. एका भेटीत दीडशे-दोनशे टकरा झाल्यावर कोणता माग कोणत्या टकरीचा, हे कसे ओळखावे? म्हणून सेकंदाचे लाख कोटी भाग कल्पून त्यांतील तीस ते साठ भागांचा फरक टिपणारी साधने सिद्ध होत आहेत.

याहून कठीण गोष्ट चाळणीची. सेकंदास 4 कोटी पुंजकाभेटी. पहिल्या चाळणीतून सुटावयाच्या 7.5 लाख, आणि अखेर जतन व्हावयाच्या अवघ्या 7,500. बाकीच्या कायमच्या गेल्या! आमच्या एका गडचिरोलीकडील विद्यार्थ्याने हे ऐकून विचारले, "सर, मग टाकून दिलेल्यांत काय होते, हे कोणास कळणार?" प्रश्न आम्हांस मार्मिक वाटला. 2012 साली हिग्ज कण सापडला, कारण तो कोणत्या रूपात दिसेल याचा अंदाज आधीच बांधलेला होता. चाळणी आपल्या ओळखीच्यांनाच वाट देते. वाघ मोजावयास बसलेल्याच्या वहीत उदमांजराची नोंद क्वचितच सापडावयाची. सीएमएसच्या मंडळींनी 2024 मध्ये पहिल्याच चाळणीत एक नवी गणिती रीत चालविली. नाव ठाऊक नसले तरी जे नेहमीसारखे दिसत नाही, तेही तिने राखून ठेवावयाचे. तिच्या हाती अद्याप काही अद्भुत लागलेले नाही.