अडीच सुताचे बोल्ट

चुलत्यांची जीप बरीच वर्षं गोठ्यात उभी होती. वर छप्पर असल्यामुळं घरात सगळ्यांना ती सुखरूप वाटायची. माढ्याकडं पाऊस मुळातच बेताचा. उघड्यावर बाभळीखाली असती तरी एवढी सडली नसती, असं मला आता वाटतं. गोठ्यात जनावरांचं मूत, त्यातले क्षार आणि शेणाची कायमची ओल. त्यामुळं बॉनेट, काचेची चौकट वगैरे वरचा पत्रा ठणठणीत, आणि फ्लोअरपासून चासीपर्यंत गंजाचे पोपडे. पेट्रोलच्या नळीची पितळी जोडणी तर पाना लावताच तडकली. पितळ गंजत नाही असं मी समजत होतो. पण इंग्रजांच्या लष्करालाही हिंदुस्थानात हाच ताप झाला होता. पावसाळ्यात पागेत साठवलेल्या काडतुसांची पितळी टरफलं आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया हे त्याचं कारण 1921 साली पक्कं झालं. आमच्याकडं घोड्यांच्या जागी म्हशी होत्या, इतकाच फरक.

जीप महिंद्राची, सीजे-थ्री-बी. महिंद्रानं माझगावात विलिसच्या जीपा जोडायला 1949 साली सुरुवात केली. आमची बरीच नंतरची. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच. या जीपनं उसाचं बेणं वाहिलं, इलेक्शनचा भोंगा मिरवला, आषाढीला पंढरपूर केलं.

कामाला तात्या आले. कुर्डूवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे 1897 साली कुर्डूवाडी–बार्शी सुरू झालेल्या छोट्या गाडीची डागडुजी करण्यात त्यांची उमेद गेली. गंजलेला बोल्ट दिसला की त्यांना घाई होत नाही, उलट ते बसायला पोतं मागतात.

सुरुवात गिअरबॉक्सवरच्या फ्लोअर प्लेटपासून केली. तिथले स्क्रू खाचेचे, आणि खाचांत चिखल, जुना रंग, ग्रीस असं सगळं दगडासारखं बसलेलं. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तेव्हा तात्यांनी हात धरला.

"आरं, खाच तर उकर आधी. घसरला की डोकं गेलं, आन डोकं गेलं की दिवस गेला."

मग हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं एकेक खाच तळापर्यंत कोरून काढली. खाचेत गच्च बसेल असा ड्रायव्हर निवडायचा, सैल अजिबात नको. तो उभा धरून हातोडीचा एक नेमका टोला. फोडण्यासाठी नाही, आट्यांतला गंज तडकावा म्हणून. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या बारीक फटीत तो फुगतो आणि नटबोल्ट एकमेकांत पाचर मारल्यासारखे बसतात. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर केला तर बोल्ट फिरत नाही, पिळला जातो.

टोल्यानंतरची तात्यांची रीत मला आधी उलटी वाटली. सोडायच्या आधी ते बोल्ट किंचित आवळतात. केसभर हलला की मग सोडायचा, अडला की परत आवळायचा, मधे डिझेलचा थेंब. पुढं-मागं, पुढं-मागं. करकर आवाज आला की तात्या खूश. बोल्ट आवाज न करता एकदम मऊ लागला की हात थांबवायचा, कारण तो सुटत नसतो, तुटायच्या बेतात असतो. हा फरक हाताला कळायला वेळ लागतो. मला अजून दर वेळी कळत नाही.

चाकांच्या बाबतीत वेगळीच गंमत. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सुटतो. कुण्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक नव्हतं. त्यानं 'सोडता सोडता' आवळत नेऊन एक बोल्ट मुळातून तोडलेला होता. दुसऱ्या कुणीतरी अडीच सुताच्या, म्हणजे 5/16 इंचाच्या भोकांत 8 मिलीचे बोल्ट ठोकून बसवलेले. जाडीत जेमतेम फरक, पण आटे जुळत नाहीत. गंजानं केलं नाही इतकं नुकसान असल्या बोल्टांनी केलं.

सगळ्यात धाकधूक होती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडची. ते थेट इंजिनच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये बसतात आणि तापून-निवून अंगातच मुरलेले असतात. इथं आगीशिवाय भागत नाही. जीपची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ती आधी उतरवून लांब ठेवायला लावली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ कोंडलेली असते. मग टॉर्चनं फक्त नट तापवला, स्टडला होईल तितकी आच लागू न देता. नट फुगतो, फट पडते. लाली ओसरल्यावर तात्यांनी खिशातून मेणबत्ती काढून नटाच्या कडेला टेकवली. मेण पातळ होऊन आट्यांत सरकन ओढलं गेलं, थोडा धूर निघाला. पाना लावला आणि नट करकरत फिरला.

एक स्टड तरीही ब्लॉकच्या तोंडाशी तुटला. त्याच्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. वेल्डिंगची आच खालपर्यंत गेली आणि निवल्यावर तो नटासकट सुटून आला. ड्रिल मारून आत एक्स्ट्रॅक्टर घालण्याला तात्यांचा सक्त विरोध. एक्स्ट्रॅक्टर तुटला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. मलाही ते पटतं.

येणारा-जाणारा सांगतो, एवढी मरमर कशाला, गॅसकटर लावा, डिझेल इंजिन टाका. पण 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आणि त्यासाठी चासी, बॉडी, इंजिन मुळातून बदललेलं चालत नाही. नोंदणीची फी 20,000 रुपये. चुलत्यांना फीचा आकडा ऐकून आधी हसूच आलं. तेवढ्यात एक बरी शेळी-बोकडाची जोडी येते म्हणाले. आता तेच दर सोमवारी माढ्याला निघताना विचारतात, सोलापूरहून इंची आट्याचे बोल्ट आले का.

ते आले की प्रत्येकाच्या आट्यांना ग्रॅफाइट ग्रीस लावून बसवायचे आहेत. बॉडी चासीवरून उचलायची अजून बाकी आहे. तिच्या बोल्टांना सकाळ-संध्याकाळ डिझेल पाजणं चालू आहे. दोन मागचे बोल्ट अजून हलायला तयार नाहीत, आणि तात्या त्यांना कापू देत नाहीत.