घोडे, बस आणि एक विमान

पंचावन्न मिनिटांचा सिनेमा. हल्ली तेवढा वेळ आपल्याला आज काय बघायचं हे ठरवायलाच लागतो. 1938 साली अमेरिकेतली पोरं शनिवारी दुपारी दहा सेंटचं नाणं मुठीत घट्ट धरून थिएटरात घुसायची आणि तेवढ्याच पैशांत दोन सिनेमे, कार्टून, बातमीपट, शिवाय मालिकेचा एखादा भाग वसूल करून संध्याकाळी घरी जायची. त्या भरल्या ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी म्हणजे रिपब्लिक कंपनीचा ‘ओव्हरलँड स्टेज रेडर्स’.

हा ‘थ्री मेस्किटिअर्स’ मालिकेतला. मेस्किट हे आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातलं काटेरी झाड. नावात त्यावर ‘थ्री मस्केटिअर्स’ या कादंबरीचं कलम केलेलं. 1936 ते 1943 या काळात या मालिकेचे 51 चित्रपट निघाले. एका सीझनला दोन-दोन वर्षं लावणाऱ्या वेबसीरिजवाल्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

नायक तिघं. स्टोनी झालेला जॉन वेन, टक्सन झालेला रे कॉरिगन आणि लल्लबाय झालेला मॅक्स टरह्यून. टरह्यून मूळचा शब्दभ्रमकार, त्यामुळे काउबॉयांच्या टोळीत एल्मर नावाचा एक लाकडी बाहुलाही. थोडक्यात, त्यांचा अर्धवटराव! घोडदौड, गोळीबार आणि मधेच बाहुल्याची बडबड. आज कुठल्याही निर्मात्याला ही कल्पना ऐकवून बघा, चहासुद्धा मिळणार नाही.

त्यात या काउबॉयपटाची गोष्ट जुन्या काळातली नाहीच. लुटली जाते ती चक्क बस. म्हणून खाणीतलं सोनं विमानानं न्यायचं ठरतं आणि या विमान कंपनीचे वाली कोण, तर घोड्यावर बसलेले तिघे. ‘हे कुठलं साल?’ असं त्या पोरांनी विचारलं नसावं. आता मध्यंतराच्या आत मोबाईलवर चिरफाड झाली असती.

मी मात्र हा सिनेमा पुन्हा लावतो तो लुईझ ब्रुक्ससाठी. 1929 च्या ‘पँडोराज बॉक्स’मध्ये कपाळावर सरळ कापलेल्या बटांनिशी झळकलेली हीच ती. इथे त्या बटा नाहीत. केस मागे वळवलेले, काम बेताचं. चटकन ओळखूच येत नाही. तिच्यासमोर वेन. 1930 मध्ये ‘द बिग ट्रेल’ आपटल्यापासून स्वस्तातल्या सिनेमांत घोडे दामटवणारा. चढणीच्या पायथ्याशी तो, उताराच्या टोकाला ती, आणि दोघं एकाच चौकटीत. 1939 च्या मार्चमध्ये ‘स्टेजकोच’ आला आणि वेनचं नशीब फळफळलं. तरी त्याचे उरलेले मेस्किटिअर्स पडद्यावर येतच राहिले, नवा बंगला बांधला तरी जुन्या खोलीचं भाडं चालू राहावं तसे.

रिपब्लिकचे घोडे धावायचे ती लॉस एंजेलिसजवळची आयव्हरसन रँच आज महामार्गानं दुभंगली आहे. खडकांच्या कुशीत घरं झाली आहेत. उरलेले काही खडक बागेत राखून ठेवले आहेत. कॉरिगननं सिमी व्हॅलीत 1937 मध्ये घेतलेल्या रानाचं पुढे ‘कॉरिगनव्हिल’ झालं, चित्रीकरणाचं गाव. त्याचे देखावे वणव्यांत जळाले. आता ती सार्वजनिक बाग आहे. लोक तिथे फिरायला येतात.

लुईझनं ‘ओव्हरलँड स्टेज रेडर्स’नंतर एकही सिनेमा केला नाही. न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रेतीची नोकरी केली आणि मग उतारवयात लेखणी उचलली. पहिल्याच भेटीत वेन तिला नट वाटलाच नव्हता, थेट पुराणातला वीर वाटला होता, असं तिनं लिहून ठेवलंय. 1982 मध्ये आलेलं तिचं ‘लुलू इन हॉलीवूड’ हे पुस्तक सिनेमावरच्या उत्तम पुस्तकांत मी आजही वरच ठेवतो.

या शेवटच्या सिनेमाचे तिला 300 डॉलर मिळाले होते.