कालव्याकाठची वाट

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसापुढे दोन वाटा असतात. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब कोकणात उतरून लवकरच अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब मात्र दूरच्या प्रवासास निघतो. लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी अशीच पूर्ववाहिनी आहे. देहू व आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहत ती तुळापूर येथे भीमेला मिळते आणि पुढे कृष्णेच्या संगतीने तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. मावळात मनुष्याने निसर्गाचा हा क्रम थोडा बदलला आहे. वळवणच्या धरणात अडवलेले पाणी कालव्याने खंडाळ्याकडे, म्हणजे उलट दिशेस नेले आहे.

दिवाळी नुकतीच सरली होती. या कालव्याच्या काठाने दोन वृद्ध मित्र सावकाश चालले होते. दोघे एकाच शाळेत शिकले. पुढे एकाने खोपोलीच्या वीजघरात नोकरी केली, दुसऱ्याने इंद्रायणीकाठची वडिलोपार्जित शेती सांभाळली. गवत पिवळे पडू लागले होते. करवंदीच्या जाळीजवळ बसलेला खंड्या मधूनच पाण्यावर झेप घेई. डोंगर जेथे वळे तेथे कालवा वळे, आणि कालव्याबरोबर वाटही वळे. अशा वाटेवर ना चढ, ना उतार. म्हणून गप्पांना खंड पडत नाही.

“किती संथ आहे रे हे पाणी! यातून वीज निघते तरी कशी?” शेतकऱ्याने विचारले.

“संथ आहे म्हणूनच निघते,” मित्र म्हणाला. “उंची हेच या पाण्याचे भांडवल. घाटाच्या तोंडापर्यंत ते जपून न्यायचे, म्हणून कालव्याला उतार अगदी बेताचा. तेथून पोलादी नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते आणि चक्रे फिरवते.”

सह्याद्रीच्या पाण्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याचे स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिले होते. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या मागे १९१० साली कंपनी स्थापन झाली, आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळशाच्या वाफेवर चालणारी यंत्रे मावळच्या पावसावर चालू लागली.

“चक्रे फिरवून झाली, की पाणी जाते कोठे?”

“पाताळगंगेत.”

“म्हणजे आमच्या इंद्रायणीत परत येत नाही!” शेतकरी हसला, पण ते हसणे ओठांपुरतेच होते. “माझ्या बांधावरून जायचे पाणी तुझ्या पगाराच्या कामी आले म्हणायचे.”

मित्राने ते नाकारले नाही. “आले खरे,” तो एवढेच म्हणाला. काही वेळ दोघे मुकाट्याने चालत राहिले.

हा प्रश्न त्या दोघांपुरता नव्हता. शेजारच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी १९२१ साली अशाच एका धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी त्यांना साथ दिली. तरीही धरण झाले, गावे बुडाली, आणि मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. दिवा लागला, की उजेड सर्वांना दिसतो. त्यासाठी कोणाचे शेत पाण्याखाली गेले, ते मात्र त्या उजेडात दिसत नाही. म्हणून वीज वापरणाऱ्याने त्याची आठवण ठेवणे, हे निदान त्याचे कर्तव्य ठरते. त्यामुळे ऋण फिटत नाही. पण ते आहे, हे तरी मान्य होते.

घाटाची कडा जवळ आली. खाली कोकण धुक्यात बुडाले होते. शेतकरी बराच वेळ तिकडे पाहत उभा राहिला. मग मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आज तुझ्या पाण्याबरोबर चाललो. आता एकदा माझ्याकडे ये. उन्हाळ्यात ये म्हणजे झाले. नदीच्या काठाने चालू, आणि तिच्यात किती पाणी उरते, ते तूच पाहा.”

“येतो,” मित्र म्हणाला. “वैशाखातच येतो.”