मांडवाखालची पौर्णिमा

“हॉटेलातच झोपायचं असेल तर ओमतीतलं आपलं घर काय वाईट आहे?” सासूबाईंनी विचारलं आणि माझ्या मोबाइलवरचं बुकिंग तिथंच थांबलं.

कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटला मुक्कामाला जायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. सासरे गेल्यावर तीन वर्षं कुणी विषयच काढला नाही. यंदा आईंनीच काढला. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. निदान गरम पाण्याची खोली तरी घ्यावी, असं मला वाटत होतं. पण जत्रेच्या दिवसांत भाडी अशी चढतात, की चौघांच्या दोन खोल्यांत आमचा महिन्याचा किराणा आला असता. शेवटी पूर्वीसारखं धर्मशाळेतच राहायचं ठरलं.

ओमतीहून भेडाघाट वीस-पंचवीस किलोमीटर. वाटेत तेवर लागतं. हीच कलचुरी राजांची त्रिपुरी. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन याच परिसरात, नर्मदेकाठी भरलं होतं. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, आणि मिरवणुकीला बावन्न हत्ती! सासरे दर खेपेला इथं ऑटो हळू करायला लावून ही गोष्ट सांगत. या वेळी ती आईंनी सांगितली. हत्तींचा आकडा चुकला नाही.

जबलपूरचं आणि तंबूंचं नातं तर त्याहून जुनं. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८३७ च्या सुमारास इथं उद्योगशाळा काढली. माफीचे साक्षीदार झालेले ठग तिथं गालिचे विणायचे, तंबू बनवायचे. वाटसरूंचे गळे आवळणारे हात असे मुक्कामाच्या सामानाला लागले! हे ऐकून आमच्या चिरंजीवांचे डोळे चमकले. “म्हणजे आपली सतरंजी ठगांची?”

“नाही रे बाबा, बडा फुहाराच्या बाजारातली,” आई म्हणाल्या.

धर्मशाळेत पोहोचलो तर खोल्या भरलेल्या. “अम्मा, कमरे तो सब भर गए. आँगन में मंडप है, वहीं बिस्तर लगा लो.” माझा चेहराच पडला. आईंनी मात्र मांडवात नजर फिरवली आणि थेट एका खांबाजवळ जाऊन पिशवी ठेवली. रात्री उठायचं तर धरायला खांब हवा, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. भाडं असं काही नव्हतं. निघताना पेटीत जमेल ते टाकायचं.

तुम्ही असं राहायला गेलात तर अंथरूण-पांघरूण आपलंच न्या. नोव्हेंबरात नदीकाठी पहाटे चांगलीच थंडी पडते. टॉर्च, कुलूप, बादली-मग विसरू नका. आणि बरोबर गुडघेदुखीवालं माणूस असेल तर घडीची कमोड-खुर्ची न्याच. आम्ही लाजत लाजत नेली होती. मांडवातल्या दोन आज्यांनी ती हक्काने मागून नेली! संडासाची रांग पहाटे चारला लागते, म्हणून साडेतीनला उठायचं. हा भाग रम्य नव्हता, उगीच कशाला खोटं सांगू?

रात्री दशम्या नि चटणी खाल्ली. चांदणं मांडवाच्या कापडातून गाळून खाली येत होतं. माणसांची कुजबुज थांबली तसा धुआंधारचा आवाज ऐकू येऊ लागला, दूरवर जातं फिरत असावं तसा.

शेजारी एक बाई एकट्याच होत्या. सांगलीकडच्या, परिक्रमेला निघालेल्या. चातुर्मासात अलीकडच्याच एका आश्रमात थांबून, एकादशीनंतर पुन्हा चालायला लागल्या होत्या. उशाशी नर्मदेच्या पाण्याची कुपी. मराठी ऐकून त्यांनाही बरं वाटलं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, कुठंही ओलांडायची नाही, मिळेल तिथं पाठ टेकायची, असं सगळं त्या सांगत होत्या. मी अर्धवट झोपेत होते. तेवढ्यात आईंचा आवाज आला.

“आम्हीपण जाणार होतो. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर. पिशव्यासुद्धा शिवल्या होत्या मी. मग राहिलंच.”

अठरा वर्षं मी या घरात आहे. हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. अंधारात आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण बोललं कुणीच नाही.

त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सहज म्हणाल्या, “मग सकाळी चला की थोडं माझ्यासंगं.”

सकाळी दिवा सोडून झाला. संगमरवरी कड्यांमधून नाव फिरवून आणतात तिथं, पंचवटी घाटावर आम्ही जाणार होतो. पावसाळ्यात बंद असलेल्या नावा आता सुरू होत्या. आईंनी मान हलवली. “नाव राहू दे.” आणि माझा दंड धरून धुआंधारच्या गल्लीला लागल्या. दोन्ही बाजूंना संगमरवराच्या मूर्तींची दुकानं, उजव्या अंगाला नदी, पुढे त्या बाई. गुडघ्यासाठी दोनदा थांबलो. शेवटी एका दुकानाच्या पायरीवर आई बसल्या. “नर्मदे हर,” म्हणून बाई पुढे गेल्या, वळून न बघता.

चिरंजीव मोबाइल घेऊन मागून धावत आले. आमची पावलं त्यांनी मोजली होती. “आजी, चारशे बारा!”

“लिहून ठेव,” आई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी इथून पुढे.”