चौथी म्हैस

६ ऑक्टोबर २०२२. दसरा होऊन एकच दिवस झाला होता. मुंबई सेंट्रलहून गांधीनगरकडे निघालेली वंदे भारत एक्सप्रेस अहमदाबादच्या वेशीवर पोचली होती. ही गाडी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळचे अकरा वाजून गेले होते. वटवा आणि मणिनगर या दोन स्टेशनांच्या मधे रुळांवर म्हशी आल्या. पुढे काय झालं ते सगळ्या देशानं वाचलं. पण किती म्हशी गेल्या, ते एकसारखं कुठंच छापलं गेलं नाही. कुणी तीन लिहिल्या, कुणी चार.

तीन आणि चार या आकड्यांच्या मधे एक अख्खा जीव हरवला. गाडीच्या फुटलेल्या नाकाचे फोटो घरोघरी पोचले. ते नाक फायबरचं होतं, धडक सोसून मागच्या भागाला वाचवण्यासाठीच तसं घडवलेलं, आणि रातोरात बदलता येण्याजोगं. काही मिनिटांत रूळ मोकळे झाले, गाडी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी नवं नाक लावून ती पुन्हा धावली आणि त्याच दिवशी आणंदजवळ एका गाईला धडकली. हे सगळं तपशिलानं सांगितलं गेलं. जिच्या असण्या-नसण्याबद्दलही कुणाचं एकमत झालं नाही, त्या चौथ्या म्हशीसाठी मी हे लिहितो आहे.

म्हशी, तुझं नाव मला माहीत नाही, पण ते असणारच. दुभत्या जनावराला नाव असतं. पहाटे धार काढताना कासेला हात लावण्याआधी कुणीतरी तुला त्या नावानं हाक मारली असेल, आणि ती हाक ऐकल्याशिवाय तू पान्हा सोडला नसशील. तू मेहसाणी होतीस, सुरती होतीस की जाफराबादी, तेही कुणी लिहून ठेवलं नाही. एवढं मात्र नक्की की तुला पाणी हवं होतं. तुझ्या काळ्या, जाड कातडीला घाम फार थोडा येतो. ऊन चढलं की तुला डबकं गाठावंच लागतं. चिखलात अंग टाकून डोळे मिटावे लागतात. पाऊस संपत आलेला, भादव्याचं ऊन ओसरून आश्विनाचं कोरडं ऊन पडू लागलेलं. अशा वेळी अकराच्या उन्हात म्हैस चालू लागते ती पाण्याच्या दिशेनं.

आणि पाणी बऱ्याचदा रुळाच्या कडेलाच असतं. रेल्वेचा भराव घालताना शेजारचीच माती उकरून घेतात. त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठतं, काठावर लव्हाळा आणि हिरवं गवत माजतं. गावाचं गायरान आक्रसलं, तळी बुजली, बांधाला बांध भिडले; अशा मुलखात रेल्वेची ही लांबच लांब पट्टी तेवढी कुणी नांगरली नाही की कुणी तिच्यावर घर बांधलं नाही. तिथं चारा उरला. गाड्यांतून फेकलेलं अन्न आणि रुळांलगत टाकलेला वस्तीतला कचराही तिथंच पडतो. दावं सुटलेल्या भुकेल्या जनावराला आपण सगळ्यांनी मिळून तिकडे बोलावलं आहे.

अहमदाबादच्या त्या काठावर तर शहरच जनावरांच्या अंगावर चालून आलेलं. वटव्याला कारखाने उभे राहिले, माळरानं गेली. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या गुरांमागे गेल्या ते रबारी आणि भरवाड एका महानगराच्या गल्ल्यांत अडकले. त्याच २०२२ साली गुजरात विधानसभेनं शहरांतल्या गुरांवर निर्बंध घालणारं विधेयक मंजूर केलं, गुरं पाळणाऱ्या या मालधाऱ्यांनी त्याविरुद्ध दूध विकणं थांबवलं, आणि सप्टेंबरमध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. या गुरांना जागा कुठे, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. पंधरवड्यानं तो रुळांवर येऊन उभा राहिला.

या रुळांशी म्हशीचं नातं फार जुनं आहे, आणि त्यात आपण मुंबई-महाराष्ट्राची माणसं गुंतलेली आहोत. १९४५ साली बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली तेव्हा खेडा जिल्ह्यातलं दूध आगगाडीनं, याच मार्गावरून, मुंबईला येऊ लागलं. त्या दुधाचा भाव ठरवण्यात आपलं काहीच चालत नाही हे पाहून तिथल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली आपला संघ काढला. आज आपण त्याला अमूल म्हणून ओळखतो. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं जगातले जाणकार म्हणत होते, पण आणंदला दुग्धतंत्रज्ञ ह. मे. दलायांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली तिथे कारखाना उभा राहिला. गिरणगावातल्या चाळींत, दादर-गिरगावच्या खोल्यांत जी पोरं वाढली, त्यांच्यातल्या किती जणांच्या हाडांत त्या म्हशींचं दूध आहे! दूध इकडे आलं आणि त्याच वाटेनं उलट दिशेला धावणाऱ्या गाडीनं त्यांच्या लेकीनातींना गाठलं.

शेवटच्या क्षणी तुला काय दिसलं असेल? तुझे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. आजूबाजूचं, मागचंसुद्धा पुष्कळ दिसतं. पण समोरून सरळ अंगावर येणारी वस्तू किती लांब आहे, याचा अंदाज त्या डोळ्यांना नीट येत नाही. कानांनी तरी सावध करावं, तर पूर्वीची गाडी दुरूनच आपली वर्दी देत यायची. रुळांना सांधे होते, त्यांवर चाकं खडखडत. आता रूळ जोडून अखंड केलेत, गाडी विजेवर धावते, आणि तिचा आवाज पोचेपर्यंत तीच पोचलेली असते. ताशी १३० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर कापते. दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. म्हशीची दोन-तीन पावलं. ती दोन-तीन पावलं तू तुझ्याच चालीनं टाकत होतीस. तुझ्या जातीनं हजारो वर्षं हीच चाल राखली. माणसाच्या मुलानं पाठीवर बसून गाणी म्हणावीत इतकी निर्धास्त चाल. घाई करायची सवय तुला कुणी लावलीच नव्हती.

कळपातली एक धडकली की बाकीच्या पळतात असं आपल्याला वाटतं. पण कळपाची ओढ वेगळी असते. पलीकडे गेलेली म्हैस अलीकडे राहिलेल्या रेडकासाठी मागे वळते. पुढची गेली म्हणून मागची जाते. मेंढरांच्या वाड्यात तर ही ओढ आणखी घट्ट. दिवाळीनंतर आपले धनगर कळप घेऊन घाटाखाली किंवा काळ्या रानांकडे निघतात. वाटेत रूळ लागला की एकानं पुढे उभं राहायचं, एकानं मागे, आणि मधली सगळी मेंढरं एका दमात पार करायची. पुढची मेंढी चुकीच्या वेळी चढली तर मागच्या थांबत नाहीत. एका जिवाच्या पाठोपाठ जाणं हेच त्यांचं जगणं, आणि रुळावर तेच त्यांचं मरण.

इंजिनात बसलेल्या माणसाचं दुःखही याच दुःखाच्या शेजारी ठेवायला हवं. लोको पायलटला सगळं दिसतं, सगळ्यांच्या आधी दिसतं, आणि करता येण्यासारखं फार थोडं असतं. तो हॉर्न दाबून धरतो. ब्रेक लावतो. भरधाव गाडी थांबायला किलोमीटरभर तरी लागतो. समोरची म्हैस असते शे-दोनशे मीटरवर. मधल्या काही सेकंदांत त्याला फक्त पाहणं उरतं. मग धक्का. मग खाली उतरून ब्रेकचा पाइप तुटला का, चाकाखाली काही अडकलं का, हे बघायचं, कंट्रोलला कळवायचं, आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसून तोच वेग धरायचा. ‘कॅटल रन ओव्हर’ अशी नोंद होते. खेड्यातून, गोठ्यातून रेल्वेत गेलेल्या लोको पायलटला समोरचं जनावर गाभण आहे हे लांबूनही कळत असेल, आणि ते कळणं कुठल्याच नोंदीत बसत नसेल.

मागे राहतात ट्रॅकमन. कलेवर ओढून बाजूला करायचं काम त्यांचं. रोज मैलोन्मैल चालून रुळाची एकेक चावी तपासणाऱ्या कीमनला पुढे कित्येक दिवस ती जागा दिसत राहते. घारी, कुत्री, मग पांढरी पडत गेलेली हाडं.

आणि धनी? धनी येत नाही. मला यातलं सगळ्यांत खोल दुःख हेच वाटतं. वटव्याच्या घटनेनंतर रेल्वे सुरक्षा दलानं म्हशींच्या अनोळखी मालकांवर गुन्हा नोंदवला. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या भीतीनं माणूस रुळापर्यंत येतो, दुरून बघतो, ओळखतो आणि परत फिरतो. लाखाच्या घरातली म्हैस, घरातला एकुलता एक रोजचा पैसा, पोरांची फी, कर्जाचा हप्ता. तिच्याजवळ बसून हंबरडा फोडायचीही सोय नाही. “कुणाची म्हैस?” असं विचारलं की सगळी वस्ती गप्प राहते. घरी रेडकू दाव्याला हिसके देत असतं, आणि घरातल्या बाईला रडायचं असेल तर चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त करून रडावं लागतं. मालकाचा हलगर्जीपणा असतोच कधी कधी. रेल्वेत शेकडो प्रवासी असतात, त्यांचा जीवही मोलाचा. पण ज्या शोकाला तोंड उघडायची बंदी आहे, तो शोक कुणीतरी बोलून दाखवला पाहिजे.

प्रवाशांचा जीव म्हणजे काय, ते २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे फिरोजाबादला दिसलं. कालिंदी एक्सप्रेस एका नीलगाईला धडकली, तिचे ब्रेक बिघडले, ती रुळावर थांबून राहिली. मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस आली. साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्याआधी रुळावर जे जनावर मेलं, त्याच्यापासून त्यांचं मरण वेगळं काढता येत नाही. जनावराला वाट नसेल तर माणसाची वाटही सुरक्षित नाही.

वटव्याची घटना ६ ऑक्टोबरची. २९ ऑक्टोबरला तीच गाडी वलसाडजवळच्या अतुल स्टेशनापाशी पुन्हा गुरांना धडकली. या दोन तारखांच्या मधेच वसुबारस येऊन गेली. संध्याकाळी आपण गाय-वासराला ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. म्हशीला सणांत तसा मान नाही. तिच्या नावानं यमाचं वाहन तेवढं आठवतं. तरीही आपल्याच मातीत, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी, एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो तिथे विसावला अशी श्रद्धा आहे आणि लोक आजही तिथे माथा टेकतात. ज्या समाजानं एका रेड्याच्या मरणाला जागा दिली, तीर्थ केलं, त्याला म्हशीचं मरण मोजता येत नाही असं मी मानणार नाही.

पुढे मुंबई ते अहमदाबाद सहाशे किलोमीटरहून लांब लोखंडी कुंपण घालण्याचं काम हाती घेतलं गेलं. कुंपण हवंच. त्यानं जीव वाचतात. पण कुंपण घालणाऱ्यांनी आधी गुराख्याला विचारावं की कळप कुठून कुठे जातो. गावं रुळाच्या एका अंगाला आणि गायरान दुसऱ्या अंगाला, असं आपल्याकडेही कितीतरी ठिकाणी आहे. फाटकं बंद झाली, माणसांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच झालं. त्यांच्या जागी भुयारी मार्ग आले. पावसाळ्यात त्यांत पाणी भरतं, आत अंधार असतो, आणि जनावर अंधाऱ्या, खोली न कळणाऱ्या पाण्यात पाय घालत नाही. मग ते भरावावर चढतं. या चढण्यात जनावराचा काय दोष?

भुयारी मार्गातलं पाणी उपसा. कळपाच्या जुन्या वाटेवर रुंद, उजेडाची मोरी ठेवा. रुळाच्या कडेला कचरा टाकू नका. गायरान शाबूत ठेवा, तळ्यात पाणी राहू द्या. जनावर गेलं तर धन्याला निर्भयपणे पुढे येऊन “माझी होती” म्हणता यावं, तिची जात, वय, वेत नोंदवलं जावं, आणि तिच्या जाण्यानं उघड्या पडलेल्या घराला आधार मिळावा. यातलं काहीही माणसाच्या आवाक्याबाहेरचं नाही. सातपुड्याला आणि सह्याद्रीला बोगदे पाडणाऱ्यांना एका म्हशीपुरती वाट करता येते. म्हशींनी आपल्याला दूध दिलं, शेण दिलं, आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेला पेला दिला. त्यांनी आपल्याकडे पाण्यापर्यंत सुखरूप जाण्याची वाट मागितली आहे, आणि ती आपण देणं लागतो.