यादीतलं दुसरं नाव

प्रिय आजी,



तुझं ‘उपासना संगीत’, गीतांचं ते पुस्तक, माझ्याकडे आलं. तुझ्यामागे वाटण्या झाल्या तेव्हा पाटल्या, शिलाई मशीन, पितळेचे डबे, सगळ्याला धनी निघाले. हे कुणी मागितलं नाही, म्हणून मी पिशवीत टाकलं. बांधणी सुटलीय. ना. वा. टिळकांच्या गीतांची पानं तेवढी बोटं लागून काळवंडलीत. पण मला हवी होती ती मागची कोरी पानं. आपल्या सगळ्यांची खातेवही तू तिथेच मांडली होतीस ना? जन्म, बाप्तिस्मा, लग्न, ख्रिस्तवासी. सगळं शिसपेन्सिलीनं. धाकट्या काकांचं नाव मात्र नंतर शाईनं गिरवलंयस. मुद्दामच ना गं?

आठवतं, संध्याकाळी आम्ही किती कातावायचो? आजोबा वर्कशॉपमधून आलेले, दिवे लागलेले, ताटं मांडलेली, आणि तुझी प्रार्थनेची यादी संपता संपायची नाही. मोठ्या मुलापासून सुरुवात, मग धाकटा, मग आत्या, सुना, जावई, नातवंडं. त्यामागून नगरची माणसं, पाळकसाहेब आणि शेजारच्या मामींची परीक्षेला बसलेली मुलगी. प्रत्येक नावामागे एकेक मागणं. कुणाचा खोकला, कुणाची नोकरी. आमटीवर साय धरायची. मी मध्येच ‘आमेन’ म्हटलं की डोळे न उघडता मांडीवर चापट बसायची. बरोब्बर मांडीवरच!

शेजारच्या मामी अजून माटुंग्यातच आहेत. मला पाहिलं की तुझ्या उत्तम शुक्रवारची गोष्ट काढतात. भर दुपारी भायखळ्याच्या चर्चमध्ये वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायचे, उपाशीपोटी लोकल पकडून माटुंग्याला उतरायचं, जिना चढायचा, की मामी डबऱ्यात कॉफी घेऊन दारात उभ्या. त्या एकादशीवाल्या, त्यांना उपासाचं काय सांगायचं? ‘आता तीन वाजून गेले, तुमचा देव काही म्हणणार नाही,’ असं त्या म्हणायच्या आणि त्यांच्या दारातलं कोलम न मोडता तू कडेनं चालत जाऊन तो टंबलर घ्यायचीस. नाताळात करंज्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडे जायचं. तुमच्या धर्माच्या गप्पा मी कधी ऐकल्या नाहीत. खोबऱ्याच्या भावाच्या मात्र पुष्कळ ऐकल्या.

आणि डॉन बॉस्को? आपण पडलो मिशनवाले, मूर्तीपुढे मेणबत्ती लावणारे नव्हेत, हे तू बजावून सांगायचीस. पण मे महिन्यात बाजारातून येताना १९५७ सालच्या त्या भव्य चर्चमध्ये शिरून शेवटच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसायचीस. ‘गार आहे गं इथे.’ एवढंच कारण होतं? विचारलं की ‘गुडघे दुखतात’ म्हणायचीस.

तू नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. १८३१ पासूनचं ते अमेरिकन मराठी मिशन तुझ्या बोलण्यात माहेरासारखं यायचं. ‘ज्ञानोदय’चा एक अंक कधी रद्दीत जाऊ दिला नाहीस. आणि त्याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई! त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तू आम्हाला वाचून दाखवायची नाहीस, सांगायचीस. जणू शेजारच्या चाळीत काल घडलेली हकिगत. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. या पाच वर्षांवर तुझा फार जीव. ‘स्वतःला पटेपर्यंत थांबली बाई. देवाला घाई नव्हती, मग टिळकांना कशाला?’ आजोबा यावर काही बोलायचे नाहीत. ते कशावरच बोलायचे नाहीत म्हणा.

हे थांबणं तू लक्ष्मीबाईंकडून उचललंस की मुळातलंच तुझं होतं, कोण जाणे. पण त्याचा त्रास आम्हाला झाला, हे आज लिहूनच टाकते. काकांनी राहुरीकडची जमीन कुणाला न विचारता विकली. त्या जमिनीच्या भरवशावर बाबांनी आत्याच्या लग्नाचं कर्ज काढलेलं. घरात केवढा आकांत झाला! आणि त्याच संध्याकाळी तुझी यादी सुरू झाली, दुसरं नाव जागच्या जागी. तिथे आलीस की तू थांबायचीस. आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणायचो, बाबा म्हणायचे नाहीत. तू वाट बघायचीस, मग पुढे जायचीस. बाबांना कधी काही म्हणाली नाहीस. काकांनाही नाही. एकदा तरी त्यांना झापायचं होतंस! एकदा तरी थोरल्याच्या बाजूनं बोलायचं होतंस. क्षमा तू केलीस आजी, हप्ते बाबांनी फेडले.

तरीही सांगते, त्या यादीमुळेच काकांची मुलं आम्हाला परकी झाली नाहीत. वर्षानुवर्षं ती घरी आली नाहीत, पण कोण कितवीत आहे, कुणाला दमा आहे, हे आम्हाला रोज जेवणाआधी कळत होतं. त्यांतला मोठा एका लग्नात भेटला तेव्हा मी त्याला आधी दम्याचं विचारलं. तो चमकला. ‘तुला कसं माहीत?’ काय सांगणार होते त्याला?

आता बातमी. यंदा नाताळला सगळे आमच्याकडे आहेत, काकासुद्धा. त्यांनी स्वतः फोन केला. बाबा ‘बघू’ म्हणाले, म्हणजे होकारच समज, तुझाच मुलगा तो. सकाळी भायखळ्याला उपासना, मग घरी जेवण. करंज्यांचं सारण तुझ्या मापानं करतेय, खसखस जरा जास्त. जेवणाआधी यादी मी वाचणार, तुझ्याच क्रमानं, आणि दुसऱ्या नावाशी थांबणारही आहे.

पण जेवणं आटोपली की काकांना बाजूला घेऊन सांगणार आहे, की जमिनीतला बाबांचा वाटा त्यांनी परत केला पाहिजे. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी सांगणार.

तुझी,
धाकटी नात